एक होडी, चार बुडं : विल्डरनेस सिस्टिम्स त्सुनामी १४५

कयाकचे, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद होडीचे, रिव्ह्यू वाचायला घेतले की वेग, सरळ जाणं, सामानाची जागा, डेकवरच्या दोऱ्या यांवर रकानेच्या रकाने मिळतात. आणि ज्या भोकात आपण तासन् तास बसणार, त्याबद्दल एक ओळ: ‘सीट आरामदायी आहे.’ कोणाला आरामदायी? आमच्या घरात कयाक एक आहे आणि वल्हवणारे चार. नवरा सहा फूट एक इंच, मी पाच फूट एक इंच, लेक बारा वर्षांची आणि अंगाने काडी, आणि उन्हाळ्यात मालवणहून येणारे माझे बाबा, सत्तरी ओलांडलेले, गुडघ्यांची कुरकुर असलेले. तेव्हा हा रिव्ह्यू जवळजवळ सगळा कॉकपिटचा, म्हणजे त्या बसायच्या भोकाचा, आहे. बोट पाण्यात कशी चालते हे शेवटी चार ओळींत उरकते.

आम्ही मध्य न्यू जर्सीत राहतो. जास्त करून डेलावेअर अँड रॅरिटन कॅनॉलवर जातो, किंग्स्टन किंवा ग्रिग्सटाउनला बोट उतरवून. हा कॅनॉल १८३४ सालचा, पूर्वी कोळशाची वाहतूक व्हायची, आता पाणी संथ आणि काठाने चालायला झाडांची सावली. वारा नसेल तेव्हा स्प्रूस रन जलाशय. आणि वर्षाकाठी पाइन बॅरन्समधली वेडिंग रिव्हर, जिथे पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं आहे आणि नदी दर पन्नास फुटांवर वळते. या तीन ठिकाणांना आत बसायची, म्हणजे सिट-इनसाइड, टूरिंग कयाक हवी होती. नवी परवडत नव्हती असं नाही, पण हौस किती टिकेल याची खात्री नव्हती. म्हणून एका निवृत्त गृहस्थांकडून विल्डरनेस सिस्टिम्स कंपनीची वापरलेली त्सुनामी १४५ घेतली. साडेचौदा फूट लांब, साडेचोवीस इंच रुंद, पॉलिइथिलिनची, म्हणजे प्लास्टिकची, पुढे-मागे बंद कप्पे, भरपूर वजन घेणारी. स्वतःचं वजन साठ पौंडांच्या घरात. म्हणजे गाडीच्या टपावर चढवायला दोन माणसं लागतात, आणि दुसरं माणूस त्या वेळी हमखास फोनवर असतं.

घेण्यापूर्वी एका दुकानात चौकशी केली होती. तिथला विक्रेता एका छोट्या, स्वस्त बोटीवर हात थोपटत म्हणाला, ‘ही सगळ्यांना बसते.’ नवऱ्याने आत पाय घातले तर गुडघे कडेला टेकले आणि बुटांची टोकं डेकला. विषय संपला. रेडिमेड कुर्ता मोठा असेल तर शिंपी आत घेऊन देतो. आखूड असेल तर तो काय करणार? बोटीचंही तेच. एकाच बोटीत अनेकांना बसायचं असेल, तर घरातल्या सगळ्यात मोठ्या देहाला येईल अशी घ्या आणि बाकीच्यांसाठी आत भरा. त्सुनामी १४५ मुळात मोठ्या बांध्याच्या माणसांना डोळ्यांसमोर ठेवूनच केलेली आहे, आणि आमच्या कामाची ठरली ती एवढ्यामुळेच.

आता सीट. कंपनी तिला फेज थ्री एअरप्रो म्हणते. जाळीदार कापड, खाली आकार दिलेला फोम. कमरेजवळचे दोन पट्टे ओढले की पाठीचा टेकू पुढे येतो, सोडले की मागे जातो. टेकूची उंची कमी-जास्त करता येते. आणि सीटच्या पुढच्या टोकाला एक पट्टा आहे, तो ओढला की मांड्यांखालचा भाग उचलला जातो. हा शेवटचा पट्टा सगळ्यात कमी लोक वापरतात आणि सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडतो.

नवऱ्याचंच उदाहरण घ्या. दिवसभर खुर्चीत बसून काम, त्यामुळे मांडीमागच्या शिरा आखडलेल्या. पाय लांब करून जमिनीवर बसला की कंबर आपोआप मागे कलंडते. कयाकमध्ये त्याने पहिल्यांदा काय केलं, तर टेकू वर घेतला, मागे झुकवला आणि सोफ्यावर पहुडावं तसा पहुडला. अर्ध्या तासात उजवा पाय मुंग्यांनी भरला. त्याचं म्हणणं, ‘टेकू अजून जाड हवा.’ टेकूचा काही संबंधच नव्हता. मागे रेललं की सगळं वजन माकडहाडाकडे आणि मांडीच्या मागच्या बाजूला जातं, सीटची कड तिथे रुतते, आणि वल्हवताना धड वळत नसल्यामुळे सगळी ताकद खांद्यांतून काढावी लागते. टेकूचं काम कंबरेला मागून हाताचं बोट लावण्याएवढंच आहे. तो खाली, माकडहाडाच्या जरासा वर असावा आणि बसणारा सरळ किंवा किंचित पुढे झुकलेला असावा.

म्हणून क्रम असा ठेवला. आधी बूड सीटच्या अगदी मागे सरकवायचं. मग टेकू खाली आणि पुढे, नुसता टेकेल इतका. मग मांडीचा पट्टा ओढून पुढचा भाग वर, गुडघ्यामागे हात घातला तर मांडीला सीटचा आधार जाणवला पाहिजे. त्यानंतर पायांची पेडलं. ही दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांवर खाचाखाचांनी पुढे-मागे सरकतात. चवड्याने पेडल दाबलं की गुडघे वर येऊन कॉकपिटच्या कडेखालच्या मांडीच्या गाद्यांना, म्हणजे थाय ब्रेसना, भिडले पाहिजेत. पाय ढिले सोडले की सुटले पाहिजेत. सतत भिडलेले असतील तर पेडलं फार जवळ आहेत आणि तासाभरात मांडीत पेटके येणार. कितीही दाबलं तरी भिडत नसतील तर ती लांब आहेत. नवऱ्याची पेडलं आधी होती त्यापेक्षा एक खाच पुढे गेली, टेकू चार बोटं खाली आला, पुढचा पट्टा जवळजवळ पूर्ण ओढला. मुंग्या थांबल्या. बारा नंबरचे बूट मात्र कोणत्याही खाचेत मावेनात, कारण पुढे डेक उतरता होत जातो. पातळ तळव्याचे निओप्रीनचे बूट घेतले. मोठ्या पावलाच्या माणसाने दुकानात कयाकमध्ये बसताना पायात तेच घालून जावं जे पाण्यात घालणार आहे.

माझं दुखणं बरोबर उलटं. मी बसले की बोटीची कड कोपराला लागायची आणि दोन्ही बाजूंना कमरेशी दोन-दोन इंच मोकळं. संथ पाण्यात याने काही बिघडत नाही, नुसती कोपरं खरचटतात. वेडिंग रिव्हरवर बिघडतं. साडेचौदा फुटांची बोट त्या वळणांवर नुसत्या वल्ह्याने वळत नाही. एका कुशीवर कलती करावी लागते, म्हणजे पाण्यात टेकलेली लांबी कमी होते आणि ती फिरते. हे कलतं करणं कमरेने आणि गुडघ्याने होतं. कंबर सीटमध्ये डावी-उजवीकडे घसरत असेल तर मी कलते, बोट कलत नाही. म्हणून कमरेच्या गाद्या.

यासाठी मिनीसेल नावाचा फोम मिळतो, बंद पेशींचा. म्हणजे त्यात पाणी शिरत नाही. गादीचा किंवा उशीचा फोम वापरू नका, तो पाणी पितो, जड होतो आणि चार दिवसांत वास मारतो. मिनीसेलचा दोन इंच जाडीचा तुकडा घेतला, ब्रेड कापायच्या दातेरी सुरीने ओबडधोबड कापला आणि मग जाड सँडपेपरने घासत बसले. इथे घाई नको. फोम कापून झाला की परत चिकटत नाही, म्हणून आधी जाडच ठेवायचा, बसून बघायचं, उतरायचं, घासायचं, परत बसायचं. अंगणात गवतावर बोट ठेवून मी हे करत असताना शेजारच्या आजोबांनी कुंपणावरून ‘पाणी कुठे आहे?’ असं विचारून घेतलं. काळ्या भुशाने हात, पोलो शर्ट, कुत्रा, सगळं माखतं. घरात करू नका. शेवटी दोन्ही बाजूंना हाताचं एक-एक बोट जाईल एवढी जागा ठेवली. घट्ट बसेल अशी गादी करायची नाही, त्याचं कारण पुढे सांगते.

चिकटवायचं कसं हा स्वतंत्र तिढा. पॉलिइथिलिनला बहुतेक गोंद नीट धरत नाहीत. आणि आम्हाला तर कायमचं चिकटवायचंच नव्हतं, कारण पुढच्या रविवारी त्याच जागी नवरा बसणार. मी गादीच्या वरून एक खाच पाडली, त्यातून नायलॉनचा पट्टा नेला आणि सीटच्या बाजूला वळसा घालून बकल लावलं. सुंदर दिसत नाही. निघतं आणि बसतं मात्र चुटकीसरशी.

कोपरांसाठी बुडाखाली फोमचा पाऊण इंची थर दिला. याहून जास्त देण्याचा मोह होतो, कारण उंच बसलं की वल्हवायला मोकळं वाटतं. पण बूड जितकं वर, तितकी बोट जास्त डुगडुगणार. ही बोट रुंद असल्यामुळे पाऊण इंच खपून जातो; अरुंद सी-कयाकमध्ये तेवढ्यानेही जाणवेल. सीटच पुढे किंवा मागे हलवायचा विचार कोणी केला तर सांगते, तसं करू नका. बसणाऱ्याचं वजन पुढे गेलं की नाक पाण्यात दबतं, शेपूट हलकी होते आणि जराशा वाऱ्यात बोट वाऱ्याकडे तोंड करून उभी राहते. पाय पोचत नसतील तर पेडलं मागे आणा, सीट तिथेच राहू द्या. माझ्या टाचा पेडलाखाली अधांतरी राहत होत्या, तिथे फोमचा एक पसरट ठोकळा ठेवला. दिवसाच्या शेवटी पोटऱ्या दुखायच्या त्या थांबल्या, आणि एवढ्या क्षुल्लक गोष्टीने थांबल्या याचा मला थोडा रागच आला.

बाबांचं प्रकरण वेगळं. मालवणच्या किनाऱ्यावर वाढलेला माणूस. होडी म्हणजे फळीवर बसायचं किंवा तळात मांडी ठोकायची. त्यांनी कॉकपिटमध्ये डोकावून पाहिलं आणि निकाल दिला, “हेच्यात मांडी घालूक येना नाय, मगे ही कसली होडी?” त्यांना आत बसवण्यातली अडचण गुडघे दुमडण्याची होती. ते आधी दोन्ही पाय सरळ घालू शकत नाहीत, एक-एक करून घालावे लागतात. त्यासाठी थाय ब्रेस जितके बाहेर जातील तितके बाहेर सरकवले, टेकू पूर्ण ढिला केला, म्हणजे आधी मागच्या डेकवर बसून मग आत घसरता येतं. बोट घोटाभर पाण्यात, मी एका बाजूने कड धरलेली. आत गेल्यावर मग टेकू ओढला. मांडीचा पट्टा त्यांना पुरत नव्हता, कारण गुडघे फार सरळ ठेवले तरी दुखतात आणि फार उंच झाले तरी. अर्धवट हवा भरलेली ड्राय बॅग, म्हणजे पाणी न शिरणारी पिशवी, मांड्यांखाली सरकवली. हवेचं हे बरं असतं, पाण्यात असतानासुद्धा थोडी सोडता किंवा फुंकता येते.

पेडलं मी त्यांना मुद्दाम थोडी लांबच ठेवली होती, गुडघ्यांना आराम म्हणून. दहा मिनिटांत वळून म्हणाले, “पाय टेकूक काय तरी दी गो. जोर खंयसून काढू?” वल्हं हातात धरून आयुष्य काढलेल्या माणसाला हे कुठल्या व्हिडिओतून शिकावं लागत नाही. उजवीकडे वल्हं ओढताना उजव्या पायाने रेटा द्यायचा असतो, नाहीतर ओढलेला जोर बुडाखाली घसरण्यात जातो. दोन खाचा जवळ घेतल्या. मग ते किंग्स्टनपासून असे सुटले की हाक मारून थांबवावं लागलं.

लेकीच्या बाबतीत मी स्पष्टच लिहिते: नको. पेडलं शेवटच्या खाचेपर्यंत मागे आणली, टेकूमागे फोम भरला, कमरेला माझ्याहून जाड गाद्या लावल्या. बसली. दिसायलाही बरी बसली. पण प्रश्न नुसता आत मावण्याचा नाही. मोठ्या माणसाचं वजन पेलणाऱ्या बोटीत ८५ पौंडांचं मूल बसलं की बोट पाण्यात पुरेशी दबतच नाही. अर्धी अधिक भिंत वर राहते आणि वारा तिलाच ढकलतो. स्प्रूस रनवर दुपारचा वारा सुटतो तेव्हा तिने कितीही वल्हं मारलं तरी बोट आपल्याच मनाने जाणार. शिवाय कड तिच्या काखेशी येते. कॅनॉलवर, मी शेजारी दुसऱ्या बोटीत असताना, ती यात बसते. बाकी ठिकाणी तिच्यासाठी लहान मापाची बोट भाड्याने घेतो. फोमने बोट अरुंद करता येते, तिचं पाण्यातलं माप कमी करता येत नाही. (लाइफ जॅकेट बारा वर्षांपर्यंतच्या मुलांनी घालणं न्यू जर्सीत कायद्यानेच आहे. आमच्याकडे चौघेही घालतो आणि त्यावर चर्चा होत नाही. जॅकेट घालूनच बसून बघा, कारण पाठीमागून जाड असलेलं जॅकेट उंच टेकूवर अडकतं आणि कानापर्यंत वर चढतं. टेकू खाली ठेवायचं हे आणखी एक कारण.)

आता ते घट्टपणाचं. प्रत्येक नवीन भरणीनंतर स्प्रूस रनच्या उथळ कडेला, कमरेएवढ्या पाण्यात, बोट मुद्दाम उलटी करून बाहेर पडून बघायचं असा आमचा नेम आहे. शेजारी दुसरं माणूस उभं. उलटं झाल्यावर तुमचं वजनच तुम्हाला सीटपासून खाली ओढतं. दोन्ही हात कडेवर ठेवून ढकललं की दुलई झटकल्यासारखं नव्हे, तर अलगद, पाय एकत्र, सुटून आलं पाहिजे. कमरेच्या गादीने धरून ठेवलं, बकलाच्या टोकात चड्डीची नाडी अडकली, बुटाची लेस पेडलाला गुंतली, तर ते तिथेच कळावं. माझ्या पहिल्या गाद्या कोरड्यात अगदी मापात होत्या, भिजलेल्या कपड्यांवर जरा ओढ देत होत्या. आणखी एक सूत घासल्या. बाबांची ड्राय बॅग मात्र या परीक्षेत आपोआप पास झाली, कारण त्यांच्या आधी ती बाहेर आली. तिला दोरीने बांधू नका. बांधलेली दोरी पायात येते.

एकाचं माप काढून दुसऱ्याचं लावायला किती वेळ लागतो, हे विचारणारे भेटतात. पाच मिनिटं, तेही खुणा केल्यामुळे. पेडलांच्या पट्टीवर नेलपॉलिशचे ठिपके आहेत: नवऱ्याचा लाल, माझा निळा, बाबांचा गुलाबी, कारण तिसरी बाटली गुलाबीच उरली होती. टेकूच्या पट्ट्यांवर त्याच रंगांचे दोरे शिवलेत. गाद्यांच्या मागे ‘डावी’ आणि ‘उजवी’ लिहिलंय. मांडीच्या पट्ट्याला खूण करून उपयोग नाही, तो त्या दिवशी पाय कसे आहेत त्यावर ठरतो.

बोटीबद्दल थोडक्यात. सरळ छान जाते, भरल्यावर आणखी छान. वळायला आळशी, पण कमरेशी नीट भिडली तर ऐकते. वजन जास्त, एकट्याने उचलायची असेल तर चाकांची गाडी घ्या. गुडघे फारच कडक असतील किंवा आत अडकल्याची भीती वाटत असेल, तर त्याच कंपनीची पुंगो १२० आधी पाहा. २९ इंच रुंद, कॉकपिट एवढं मोठं की मांडीला ब्रेस जेमतेम लागतो. वेडिंग रिव्हरवर मी ती नेणार नाही, कॅनॉलवर बाबांना ती कदाचित जास्त आवडली असती. पण मग नवरा साडेचौदा फुटांच्या बोटीची तक्रार करायला कुठे गेला असता.

राहिला स्प्रे स्कर्ट, म्हणजे पाणी आत येऊ नये म्हणून कॉकपिटवर ओढायचं कापड. त्याची कड बोटीच्या मापाची असते, ती चौघांना सारखीच. कमरेची नळी मात्र माणसाच्या मापाची. निओप्रीनचा घेतला तर प्रत्येकाला वेगळा घ्यावा लागेल, आणि तो स्वस्त नसतो. नायलॉनच्या नळीला कमरेशी ओढायची दोरी आणि खांद्यावर पट्टे असतात, एकच सगळ्यांना चालतो. थोडं पाणी झिरपतं. स्पंज ठेवा.